आभाळाचा काठ

आमच्या अर्धापुरात आभाळ फार आहे. गावाच्या मानानं जरा जास्तच. धाकट्याला थोरल्या भावाचा सदरा घालावा तसं ते गावाच्या खांद्यांवरून ओघळत असतं. नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटर आलं, की एसटीच्या खिडकीतून आधी केळी दिसतात, मग आणखी केळी दिसतात, मग पाण्याची एक टाकी दिसते, आणि टाकीखाली गाव असणारच या भरवशावर माणसं पिशव्या आवरायला लागतात. त्या टाकीपासून निघून देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, कुणाच्या तरी अर्धवट बांधलेल्या तिसऱ्या मजल्याच्या गंजक्या सळया, दोन-चार लिंबाचे शेंडे असं करत मोबाइलच्या मनोऱ्यापाशी थांबणारी जी वेडीवाकडी रेघ आहे, ती मी निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं काढतो आहे. पेन्सिलीनं काढली, जलरंगात काढली, कोळशानं काढली, तेलरंगातही एकदा काढून बघितली. अजून ती मला बसलेली नाही. न्यूयॉर्क-मुंबईच्या असल्या रेघेला स्कायलाइन म्हणतात. अर्धापूरलाही स्कायलाइन आहे असं म्हटलं, की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग टाकीकडे, आणि मग सौजन्यानं केळीचा भाव विचारतो.

मराठीत या रेघेला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही याची मला बरेच दिवस रुखरुख होती. क्षितिज आहे, पण ते शब्दातच मातीचं. जमीन संपल्यासारखी वाटते आणि आभाळ उतरल्यासारखं वाटतं ती जागा, आणि ती आपण केव्हाच कवींच्या नावावर करून दिलेली आहे. पण घरांच्या डोक्यांनी आभाळ कातरल्यावर जी कड उरते, तिला काय म्हणायचं? हा प्रश्न माझ्या मायनं सोडवला. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि मोतीबिंदू काढल्यापासून तिला नको इतकं स्पष्ट दिसतं. एकदा माझं एक चित्र तिनं हातभर लांब धरलं, तिरकं केलं, सरळ केलं. खाली गावाची रांग मी मन लावून काढली होती आणि वरचा पाऊण कागद कोरा सोडला होता. ती म्हणाली, “काठ बरा काढलास. लुगडं कुठं हाय?” तेव्हापासून माझ्या वह्यांत चित्राखाली मी ‘आभाळाचा काठ, सोमवार, दिवस मावळताना’ असं लिहितो. इरकलीच्या दुकानात जन्म गेलेल्या माणसालाही इतका नेमका शब्द सुचला नसता.

खरं म्हणजे माझ्या लहानपणी हा काठ जवळजवळ सरळच होता. तेव्हा सगळ्या गावाला माळवदं होती. तुळयांवर लाकूड, लाकडावर मातीचा जाड थर, मधे उजेडासाठी ठेवलेलं साणं, आणि त्या साण्यातून घरात उतरणारा उन्हाचा एक खांब, ज्याला दिवसभर फिरत राहण्यापलीकडे काही काम नसे. मृग लागायच्या आधी पांढरी माती आणून माळवदावर पसरायची आणि तुडवायची. नाही पसरली तर पावसाळाभर घरात ठिकठिकाणी पातेली मांडून बसायचं. एका माळवदावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं आम्ही पोरं अर्धं गाव जमिनीला पाय न लावता फिरून यायचो. आभाळाच्या बाजूनं बघितलं असतं तर अर्धापूर हे एक मोठं अंगण दिसलं असतं, थोडं खालीवर झालेलं. वर काय असायचं? गोधड्या, वाळवण, कबुतरं आणि उन्हाळ्याच्या रात्री माणसं. अशा गावाची आकाशरेषा काढायची तर पट्टी पुरे. चित्रकार व्हायला हे गाव फारच सोयीचं होतं, आणि म्हणूनच बहुधा इथं कुणी झालं नाही.

माय १९५४ साली लग्न होऊन या घरात आली तेव्हा हे गाव हैदराबाद राज्यात होतं. १९५६ साली ते मुंबई राज्यात गेलं, १९६० साली महाराष्ट्रात आलं. माळवदावर कुरडया घालायला बसलेली बाई जागची न उठता तीन राज्यांची रहिवासी झाली, आणि या सगळ्यात गावाचा काठ तसूभरही हलला नाही. तो हलला नंतर, इसापूरच्या धरणाचं पाणी कालव्यानं आलं आणि केळीला पैसा आला तेव्हा. केळीनं आधी घरांचे पाय पक्के केले, मग डोकी. माळवद उतरवून स्लॅब टाकायचा, आणि स्लॅबवर पोराच्या लग्नापर्यंत पुढचा मजला चढवू म्हणून सळया उघड्या ठेवायच्या. त्या सळया हे आमच्याकडचं आशावादाचं चिन्ह आहे. पोराची पोरं कॉलेजात गेली तरी त्या तशाच आभाळाकडे बोटं करून उभ्या असतात, आणि चित्रात त्या काढाव्यात की सोडाव्यात हे मला अकरा वर्षांत ठरवता आलेलं नाही. काढल्या तर गाव विस्कटल्यासारखं दिसतं. सोडल्या तर खोटं वाटतं.

शहराचं चित्र काढायची माझ्यावर पहिली वेळ आली ती चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत. एलिमेंटरीच्या स्मरणचित्राला शहरातला गजबजलेला रस्ता आला. माझ्या स्मरणात शहर नव्हतं. दोनदा पाहिलेलं नांदेड होतं, तेही बापाचं बोट धरून, म्हणजे बहुतांशी बापाचं धोतर पाहिलेलं. पण एक गोष्ट सगळ्या वर्गाला ठाऊक होती: शहर म्हणजे चौकोन, आणि चौकोनात चौकोन. गाव म्हटलं की दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, सूर्यातून निघालेली नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. अर्धापुरात डोंगर नाही आणि नारळही नाही. तरी केळीच्या मळ्याला टेकून असलेल्या शाळेतल्या चाळीस पोरांनी कित्येक वर्षं नारळच काढले. केळ कुणी काढली नाही. तिचं पान वाऱ्यानं फाटतं, आणि फाटलेलं काढायचं तर आधी अखंड काढता यावं लागतं. असो. मी चौकोनांचं शहर काढलं, रस्त्यावर माणसं हवीत म्हणून माणसं काढली, आणि माणसांच्या हातात काय द्यावं ते न सुचून प्रत्येकाच्या खांद्यावर केळीचा घड दिला. मला क श्रेणी मिळाली. त्या शहरातल्या लोकांनी केळीशिवाय काही घेतलं नाही, याचा गुणांशी काही संबंध असेल असं आमच्या सरांना वाटत होतं.

पुढं कधीतरी स्टीफन विल्टशर या लंडनच्या चित्रकाराविषयी वाचलं. हा माणूस हेलिकॉप्टरमधून एकदा शहर बघून येतो आणि मग आठवणीतून ते खिडकी-खिडकीसकट कागदावर उतरवतो. २००५ साली त्यानं टोकियो असं काढलं, दहा मीटर लांब कापडावर, सात दिवसांत. जगातलं सगळ्यात मोठं स्मरणचित्र म्हणायचं! वाचून मी वही मिटली आणि डोळेही मिटले, आणि आपल्या जुन्या घराला खिडक्या किती होत्या ते आठवायला लागलो. चार आल्या. मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तीन. चौथी तुझ्या आज्यानं बुजवली, चोर येतो म्हणून.” मी विचारलं, “आला होता का?” “खिडकीच नव्हती, कसा येईल?”

रंगांच्या बाबतीत माझं मत असं झालं आहे, की माध्यमं ही पिकांसारखी असतात. हंगाम चुकला की उगवत नाहीत. जलरंगाचंच बघा. शाळेत आम्हाला उंटाचं चित्र असलेली रंगाची पेटी होती. १९३१ साली दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेला तो कारखाना पुढं रंगांत आला आणि मराठवाड्यातल्या निदान दोन पिढ्यांनी उंट हा प्राणी पहिल्यांदा पेटीच्या झाकणावर पाहिला. आता मी जरा बरे रंग वापरतो आणि कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा आणवतो. ही संस्था १९४० सालची, माझ्यापेक्षा वयानं मोठी, म्हणून तिच्या कागदावर पहिला फटकारा मारताना हात थोडा अदबीनं चालतो. आभाळाचा वॉश द्यायचा म्हणजे फळी किंचित उतरती करायची, वरून भरल्या कुंचल्यानं आडवा पट्टा ओढायचा, त्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओला थेंब लोंबत ठेवायचा आणि पुढच्या पट्ट्यात तो मिसळून घ्यायचा. निळा उतरत उतरत गावाशी येईपर्यंत फिका व्हायला हवा. पुस्तकात हे सोपं आहे. अर्धापूरच्या एप्रिलात, बेचाळीस अंश उन्हात, पट्टा ओढून कुंचला परत फिरेपर्यंत पहिली कड वाळून खडखडीत झालेली असते. आभाळ एकसंध होतच नाही. त्याला जमखान्यासारखे पट्टे पडतात. बरं, पावसाळ्यात काढावं तर उलट. सकाळी दिलेला वॉश दुपारी जेवून आलो तरी ओलाच, आणि जेवणापूर्वी काढलेला मिनार तेवढ्यात शेजारच्या टाकीत विरघळून गेलेला. आमच्याकडे जलरंग साधारण दिवाळीच्या पुढं-मागं दोन महिने येतो, रब्बीच्या पेरणीबरोबर. उरलेलं वर्ष तो पेटीत झोपून काढतो.

मोने हा फ्रेंच चित्रकार १८९९ ते १९०१ या काळात तीनदा लंडनला जाऊन थेम्सकाठच्या सॅव्हॉय हॉटेलात राहिला, केवळ तिथल्या धुक्यासाठी. तोच पूल, तीच पार्लमेंटची इमारत. धुकं आणि उजेड बदलला की तो अर्धं झालेलं चित्र बाजूला ठेवून दुसरं ओढायचा. पुढं ती चित्रं त्यानं घरी नेऊन पुरी केली. मी हे वाचून फार सुखावलो. कारण धुकं नसलं तरी आमच्याकडे फुफाटा आहे, आणि वैशाखात पश्चिमेचा वारा सुटला की टाकी, कळस, मिनार सगळं एकाच मळकट जांभळ्या रंगात भिजतं आणि आमचं गाव थेट मोनेच्या तोंडवळ्याचं दिसायला लागतं. फक्त तो कॅनव्हास बदलायचा तेव्हा प्रकाश बदललेला असायचा. माझ्याकडे प्रकाश वीज मंडळाच्या मर्जीनं बदलतो.

कोळशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. शहरात त्याच्या कांड्या विकत मिळतात. मी तुराट्यांचे बारीक तुकडे करून पत्र्याच्या डब्यात ठासून भरले, झाकण घट्ट लावलं, एक भोक ठेवलं आणि डबा आरावर ठेवला. धूर यायचा थांबला की उतरवायचा आणि गार होईपर्यंत उघडायचा नाही. कोळसा झकास होतो. मायनं हा सगळा प्रकार चुलीशेजारी बसून पाहिला. “काय करायलास रं?” म्हणाली. मी म्हटलं, चित्र. ती म्हणाली, “तुराट्या जाळून भाकर होती बाबा.” कोळशाला रंगांची भानगड नसते. त्याला एवढंच कळतं, की कुठं उजेड आहे आणि कुठं नाही. संध्याकाळी दिवा लागण्याच्या आधीची जी पाच-सात मिनिटं असतात, ज्या वेळी पाण्याची टाकी म्हणजे कुणीतरी घागर डोक्यावर घेऊन थांबलेली बाई वाटते, ती मिनिटं कोळशाची. मात्र चित्र झाल्यावर बाहीचा एक फटका, आणि गाव पुसलं जातं.

तेलरंगाच्या वाटेला मी जरा बिचकतच गेलो, आणि तिथं मला अवचित घरचं माणूस भेटलं. ज्या तेलात हे रंग घोटतात ते जवसाचं असतं. म्हणजे पाचेकशे वर्षं युरोपातल्या थोरामोठ्यांनी ज्याच्यावर राजवाडे आणि बंदरं रंगवली, ते आमच्या भाकरीबरोबरच्या चटणीचं भाऊबंद! जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं, म्हातारपणी माणूस होतो तसं. वाळायला दिवसच्या दिवस लागतात. त्या मुदतीत आमच्या गच्चीवर अर्धापूरच्या ओल्या आभाळात चार चिलटं, एक मुंगळा आणि सावरीच्या कापसाचा एक तंतू येऊन कायमचे वस्तीला राहिले. मी चिमट्यानं काढायला गेलो, तर आभाळच खरवडून आलं. ती चिलटं आता दुरून घारींसारखी दिसतात. पाहुणे त्यांचं कौतुक करतात, आणि मी ते स्वीकारतो.

नांदेडला मी नोकरीपायी एकतीस वर्षं ये-जा केली, पण नांदेडचा काठ काढायला बसलो निवृत्तीनंतरच. जुन्या वस्तीत एका मित्राच्या गच्चीवरून सचखंड गुरुद्वाऱ्याचा घुमट दिसतो. गुरू गोविंदसिंगांचं निधन १७०८ साली नांदेडला झालं, आणि आजची इमारत महाराजा रणजितसिंगांच्या आज्ञेनं १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. लाहोरच्या राजाचं मन गोदावरीकाठी गुंतलेलं होतं, त्याचा सोन्याचा पुरावा अजून आभाळात आहे. पण पेटीत सोनं नसतं. सोनेरी म्हणून जो रंग मिळतो तो लग्नपत्रिकेचा, तो लावला की देऊळही मंगल कार्यालय दिसतं. जाणते लोक सोनं काढतात ते रामरजानं, म्हणजे साध्या पिवळ्या मातीनं. थोडी माती, थोडी तांबूस छाया, आणि जिथं ऊन लख्ख पडतं तिथं नुसता कोरा कागद. चित्रातलं सोनं निम्मं माती आणि निम्मं काहीच नाही, हे कळायला मला सहा कागद घालवावे लागले. सातव्या वेळी शेजारच्या गच्चीवरचे एक वृद्ध शीख गृहस्थ केस वाळवत उन्हात बसले होते, ते उठून कठड्याशी आले. नांदेडचे शीख आमच्यापेक्षा गोड मराठी बोलतात. बराच वेळ बघून ते म्हणाले, “सगळं बरोबर काढलंत की. फक्त सकाळ राहिली.” मी घड्याळात बघितलं. साडेअकरा झाले होते. सातला काढायला घेतलेलं चित्र मी उन्हाबरोबर सुधारत सुधारत दुपारपर्यंत आणलं होतं, आणि घुमटाची एक बाजू सातची तर दुसरी साडेअकराची झाली होती.

मोठ्या शहरांपुढं माझा हात अगदीच लुळा पडतो. पुण्याला पुतण्याकडे गेलो की चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत बसतो. समोर इमारती, इमारतींमागं इमारती, आणि सगळ्यांच्या वर क्रेन, बगळ्यांसारख्या एका पायावर उभ्या. पहिल्या खेपेला मी दोन दिवस खपून बॉलपेननं ती रांग काढली, तिसऱ्या दिवशी खिडक्या मोजायला बसलो तर डावीकडच्या इमारतीला एक मजला जास्त. तेलरंग वाळायच्या आत जिथं मजला चढतो, तिथं तेलरंगानं काय करायचं? पुतण्याची पोरगी टॅबवर बोटानं चित्रं काढते. तिनं माझी अडचण ऐकून घेतली आणि समजूत घातली, “आजोबा, चुकलं की मागे जा.” तिच्या यंत्रात मागं जायची एक उलटी वळलेली खूण असते, दाबली की शेवटची रेघ झालीच नव्हती असं होतं. मी ती खूण दाबत गेलो. इमारतीचे मजले एकामागून एक उतरत गेले, मग झाडं गेली, मग आभाळ गेलं, आणि कोरा पांढरा चौकोन राहिला. पोरगी घाबरली नाही. तिला पुढं जायची खूणही ठाऊक होती.

या अशा शहरांशी खरी ओळख असलेला माणूस मला सुधीर पटवर्धनांच्या चित्रांत दिसतो. १९४९ सालचा त्यांचा जन्म, ठाण्यात तीस वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केलं, आणि त्याच हातानं मुंबई-ठाण्याच्या वस्त्या, लोकल, चाळी, उड्डाणपूल रंगवले. त्यांच्या शहरात आभाळ थोडं असतं, वरच्या कडेला सरकवून ठेवल्यासारखं. दाटी मात्र माणसांची. दिवसभर लोकांच्या फासळ्या उजेडात धरून बघणाऱ्याला शहराच्या फासळ्या दिसणारच. त्यांची चित्रं छापील पानांवर बघताना मला दर वेळी वाटतं, की हा चित्रकार गच्चीवर बसलेला नाही. तो खाली, गर्दीत, कुणाच्या तरी पिशवीचा धक्का खात उभा आहे. मी मात्र वर बसतो, चहा पीत.

आणि वर बसण्याचाच घोटाळा गेल्या मार्गशीर्षात उघडकीला आला. जलरंगाचा हंगाम होता, वॉश मनासारखा उतरला होता, टाकी टाकीसारखी आणि मिनार मिनारासारखा झाला होता. मी चित्र मायच्या पुढ्यात धरलं. ती बोट फिरवत गेली. टाकी. कळस. कासाराचं घर. मोबाइलचा मनोरा, “तो खांब”. परत उलटी आली. मग म्हणाली, “आपलं घर कुठं हाय ह्याच्यात?”

नव्हतं. अकरा वर्षांत, शंभराच्या वर चित्रांत, एकदाही नव्हतं. आपल्याच गच्चीवरून गाव काढायचं तर त्यात आपलं घर कसं येणार? पायाखालचं दिसत नाही. मी तिला हे समजावलं. तिनं ऐकलं, आणि चेहरा असा केला की लोकांची घरं काढत बसतो आणि स्वतःचं विसरतो, अशा पोराची बाजू आता घ्यायची तरी कुठवर.

मला तेव्हा वेन्सेस्लाउस होलार आठवला. सतराव्या शतकातला हा चित्रकार. लंडनचा एक लांबच लांब देखावा त्यानं कोरला, तो १६४७ साली छापला गेला. थेम्सच्या दक्षिणेकडच्या एका चर्चच्या मनोऱ्यावरून त्यानं त्याची रेखाटनं केली होती, आणि गंमत अशी की पायाखालचं ते चर्च चित्रात नाही. पण खरी गंमत पुढं आहे. त्या चित्रात दोन गोल इमारती आहेत: एक शेक्सपिअरच्या मंडळींचं ग्लोब नाट्यगृह, दुसरी अस्वलांच्या झुंजी लावायची जागा. होलारनं छाप तयार केला अँटवर्पला बसून, आणि लिहिताना दोन्हींची नावं अदलाबदल झाली. १६६६ च्या आगीत चित्रातलं पलीकडच्या काठाचं बरंचसं शहर जळून गेलं. अस्वलांवरचं नाट्यगृहाचं नाव शाबूत राहिलं. मायला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “घर होतं ना पर त्यात?”

म्हणून एका सकाळी तिला रिक्षात घालून कालव्यापलीकडे, ओळखीच्या एका मळ्याच्या बांधावर नेलं. बसायला सतरंजी, पाठीला उशी, डब्यात दशम्या. समोर आमचं गाव होतं, पहिल्यांदाच बाहेरून. मी फळी मांडीवर घेतली आणि आमचं घर शोधायला लागलो. दिसेना. आमच्या घरापुढं मागच्याच वर्षी तीन मजल्यांचं दुकानसंकुल झालं आहे; त्याच्यामागं आमच्या अंगणातल्या लिंबाचा शेंडा तेवढा वितीभर दिसत होता. घर नाहीच. मी हे सांगणार, तेवढ्यात माय बोट लांब करून बोलायला लागली. ते कासाराचं माळवद, त्याच्यावर त्यांची थोरली सून मिरच्या वाळवायची. त्याला लागून बडी आपाचं, तिच्या शेवया केसासारख्या बारीक. मग आपलं. मग मारवाड्याचं, त्यावर कधी कुणी झोपत नसे, खाली पेटी असायची. मी बोटाच्या रेषेत बघितलं. तिथं संकुल होतं, टाकी होती, सळया होत्या. ती ज्यांच्याविषयी बोलत होती त्यातलं एकही माळवद पन्नास वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना ते स्पष्ट दिसत होतं.

मी रंगाची पेटी बंद केली. एचबी पेन्सिल घेतली आणि ती सांगेल तसं काढत गेलो. सोपंच होतं. एक जवळजवळ सरळ रेघ, मधेमधे अर्ध्या इंचाची पायरी. कासाराकडे गोधडी. बडी आपाकडे दोरी, दोरीवर शेवया. आमच्या माळवदावर साण्याचा उंचवटा, त्याला लागून वाळवणाचं धोतर पसरलेलं, चार कोपऱ्यांवर चार दगड. दगड तिनं मोजून घेतले. कागद तिच्याकडे वळवला तेव्हा तिनं तो हातभर लांब धरला.

“मी कुठं हाय?”

“कुठं बसायचीस तू?”

तिनं नखानं जागा दाखवली, साण्याच्या सावलीला. मी तिथं एक ठिपका दिला. ठिपक्याला डोक्यावरून पदर दिला, म्हणजे ठिपका थोडा मोठा केला.

“हातात काठी दे. कावळे येतात कुरडयांवर.”

मी पेन्सिलीला टोक काढलं, श्वास धरला, आणि ठिपक्याच्या हातात केसाएवढी काठी दिली. केळीच्या पानांत वारा शिरला होता. कागद फडफडत होता, तो तिनं दोन बोटांनी दाबून धरला.

“आणि कावळा?” मी विचारलं.

“नको काढूस,” ती म्हणाली. “काठी बघून गेला.”